शिंपले सोडले तर तळ्यातला बर्ड फ्लू जातो का?

तुमच्या शेततळ्यावर थंडीत रानबदकं उतरतात, काठालाच गावरान कोंबड्यांचं खुराडं आहे, आणि पाण्यात शिंपले सोडले की विषाणू संपतो असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. मीही तळ्याकाठी कोंबड्या पाळतो, २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते विसरलेलो नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सांगणाऱ्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये कॉर्बिक्युला नावाचे छोटे शिंपले विषाणू मिसळलेल्या पाण्यात ठेवले. पाण्याची संसर्गक्षमता घटली. त्याहून बोलकी गोष्ट बदकांची: एच५एन१ हा बर्ड फ्लूचा घातक विषाणू मिसळलेलं पाणी शिंपल्यांनी गाळल्यावर ज्यांना दिलं ती बदकं जगली, न गाळलेलं पाणी दिलेली सगळी मेली. ते शिंपले खाल्लेल्या बदकांनाही काही झालं नाही. डॅफ्निया, म्हणजे तळ्यात उड्या मारत पोहणारे ते बारीक जीव, त्यांच्यावरच्या प्रयोगातही विषाणू पाण्यातून कमी झाला आणि निकामीही झाला.

पण झेब्रा मसल या दुसऱ्या शिंपल्याच्या अंगात विषाणू साठला आणि नंतर स्वच्छ पाण्यात ठेवल्यावरही सापडत राहिला. म्हणजे पाण्यातून गेलेला विषाणू तळ्यातूनही गेला असं धरून चालता येत नाही. तळ्यातले शिंपले काढून कोंबड्या-बदकांपुढे टाकू नका, हे मी आवर्जून सांगेन.

तुमच्या तळ्याची अडचण मात्र वेगळीच आहे. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर कॉर्बिक्युलासारखे शिंपले टिकणं कठीण, त्यांना रुतून बसायला गाळ-वाळू लागते. असं तळं गावतलावापेक्षा प्रयोगशाळेतल्या बाटलीला जवळचं. आणि बाटलीतल्या शुद्ध पाण्यात हा विषाणू किती तग धरतो? १९९० च्या एका अभ्यासातला अंदाज १७ अंशांना जास्तीत जास्त २०७ दिवसांचा, २८ अंशांना १०२ दिवसांचा. उन्हाळ्यात तो लवकर मरतो, पण बदकं येतात थंडीत, आणि विषाणू त्यांच्या विष्ठेतून भरपूर पडतो. एकीकडे शिंपले गाळत राहणार, दुसरीकडे रोज नवी विष्ठा पडत राहणार.

म्हणून शिंपल्यांवर पैसे घालू नका. कोंबड्यांना तळ्याचं पाणी पूर्ण बंद करा, बोअरचं द्या. तळ्याचंच द्यावं लागत असेल तर आधी गाळून मग क्लोरीन घाला, त्याने हा विषाणू सहज मरतो. तळ्यावर जायच्या चपला खुराड्यात नेऊ नका. बदकं असेपर्यंत कोंबड्या जाळीआड ठेवा. काठावर पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

तळं अस्तराचं आहे की मातीचं, ते कमेंटमध्ये लिहा. मातीचं असेल तर त्यातले शिंपले आणि डॅफ्निया जपा, त्यांचा उपयोग आहेच, फक्त खुराड्याची राखण त्यांच्यावर सोपवू नका.