पोटातला गम विरघळतो का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मागच्या आठवड्यात बाबांचं (वय ६४) हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आतली जाळी गमनं चिकटवली आणि वर कातडीलापण टाका नाही, गमच लावलाय. आता गल्लीत एकानं सांगितलं की हा फेविक्विकच असतोय, आत जन्मभर राहतो आणि पुढं कॅन्सर होतो, तेव्हापासून बाबांना झोप नाही. हे खरं आहे का? आणि बाबा रोज पंचगंगेला पोहायला जाणारे, ते परत कधी जाऊ शकतील?

उत्तर : बाबांना आधी एवढं सांगा की ऑपरेशनच्या गमामुळं माणसांत कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. मग बाकीचं निवांत वाचून दाखवा.

हा गम एकाच प्रकारचा नसतो, घोळ तिथंच होतो. एक असतो फायब्रिन ग्लू. आपल्याला कापलं की रक्त गोठतं, त्यात शेवटी फायब्रिनोजेनवर थ्रॉम्बिनचं काम होऊन फायब्रिनचं जाळं बनतं, तेच दोन घटक वेगवेगळ्या सिरिंजमधून सर्जन जागेवर सोडतात. शरीर आपली गुठळी जशी विरघळवतं तसाच हा गमपण विरघळवतं, साधारण दोन आठवड्यांत. तो दान केलेल्या मानवी प्लाझ्मापासून (रक्तातल्या पातळ द्रवापासून) बनतो म्हणून लोकांना एचआयव्ही, काविळीची भीती वाटते, पण दात्यांची तपासणी होते आणि विषाणू निष्क्रियही केले जातात, धोका शून्य म्हणणार नाही पण फारच कमी. काही ब्रँडमध्ये गायीपासून काढलेलं ॲप्रोटिनिन (गुठळी लवकर विरघळू नये म्हणून घातलेलं प्रथिन) असतं, त्याची क्वचित जोरात ॲलर्जी येते.

दुसरा सायनोॲक्रिलेट. इथं गल्लीतल्या माणसाचं अर्धं बरोबर आहे, कारण घरातला क्विक गम याच कुटुंबातला. १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते तेव्हा हे रसायन हाताला लागलं, पुढं व्हिएतनामच्या युद्धात जखमींचं रक्त थांबवायला त्याचा स्प्रेही वापरला गेला. फरक आहे तो रेणूच्या साखळीत. घरच्या गमात इथिल असतं, साखळी आखूड, ती शरीरात लवकर तुटते आणि तुटताना फॉर्मल्डिहाइड हे दाहक रसायन भराभर सुटून आजूबाजूचा भाग सुजतो, खराब होतो. ऑपरेशनला ब्यूटिल किंवा ऑक्टिल वापरतात, ती साखळी लांब, तुटते इतकी हळू की एका वेळी सुटणारं फॉर्मल्डिहाइड अगदी थोडं असतं आणि शरीर ते निपटतं. पण हळू म्हणजे खरंच हळू, दोन आठवड्यांत हा जात नाही, आतले कण कित्येक महिने, कधी त्याहून जास्त राहतात आणि त्यांच्याभोवती पातळ आवरण तयार होतं. म्हणून तर तो थेंबाथेंबानंच टाकतात. आणि खरं सांगायचं तर बाबांच्या पोटात जन्मभर राहणार आहे ती जाळी, बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची असते, तिची भीती कुणी घालत नाही! गमाचं काम सुरुवातीचंच, तोवर जाळीच्या भोकांतून शरीराचा स्वतःचा भाग वाढतो आणि तीच खरी पकड. जाळी टाचून बसवायच्या टॅकरनं (बारीक पिनांनी) कधीकधी मज्जातंतूची नस दुखावते आणि दुखणं मागं लागतं, गमात हा त्रास कमी दिसलाय.

बाबांना नक्की कुठला गम लावलाय हे इथून मी सांगू शकत नाही. सर्जनला विचारा, नाव डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड जपून ठेवा, पुढच्या कुठल्याही ऑपरेशनला ते दाखवायचं.

कातडीवरचा गम पाच ते दहा दिवसांत खपली सुटावी तसा आपोआप निघतो, तो नखानं काढू नका. त्यावर तेल, व्हॅसलीन, मलम काहीच नको, त्यानं गम सैल पडतो. अंगावरून पाणी घेतलं तर चालतं, नंतर हलक्या हातानं टिपायचं. पंचगंगेत मात्र गम पूर्ण निघून कातडी नीट जुळेपर्यंत आणि सर्जन हो म्हणेपर्यंत बिलकूल उतरू देऊ नका, नदीचं पाणी ओल्या जखमेला चांगलं नाही. लाली पसरली, पू आला, ताप आला, जखम उघडली किंवा गमाच्या कडेनं खाज आणि बारीक फोड आले (ही ॲलर्जी असू शकते) तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : उद्यमनगरात लेथवर काम करतो. बोट कापलं की आम्ही सगळेच फेविक्विक लावतो, रक्त लगेच थांबतं. चालतंय का?

उत्तर : नाही, आणि हे मी मनापासून सांगतेय. तो गम निर्जंतुक नसतो, सुकताना गरम होतो, आणि ऑइल आणि लोखंडाचा कीस आत तसाच ठेवून वरून जखम बंद करतो. दवाखान्यात कातडीला लावायचा गमपण जखमेच्या आत ओतत नाहीत, कडा जुळवून वरून लावतात. साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम धुवा, स्वच्छ कापडानं दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. रक्त थांबत नसेल, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल तर शिफ्ट संपायची वाट न बघता सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जा आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तिथं सांगा.