पॅलिओ आहारात ठेचा, चटणी आणि तिखट सॉस चालतात का?

होय, तिखटपणाला पॅलिओ आहारात, म्हणजे अश्मयुगीन माणसाच्या खाण्यावर बेतलेल्या आहारात, मनाई नाही. हिरवी मिरची, लसूण व थोडे मीठ खलबत्त्यात कुटून केलेला ठेचा त्यात व्यवस्थित बसतो, मात्र त्यात शेंगदाणे घालू नयेत, कारण शेंगदाणा हे शेंगवर्गीय पीक असून हा आहार धान्ये, कडधान्ये, दुग्धजन्य पदार्थ आणि साखर वगळतो. याच कारणाने दाण्याची चटणी आणि डाळे घातलेली ओल्या नारळाची चटणी बाद ठरते. लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी चालते. विकतच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचणे मला फार आवश्यक वाटते. टॅबॅस्कोच्या मूळ सॉसमध्ये मिरची, व्हिनेगर व मीठ एवढेच असते, तर श्रीराचा या तिखट सॉसमध्ये साखर आणि अनेक शेजवान चटण्यांत सोया सॉस असतो, आणि सोयाबीनही शेंगवर्गीयच आहे. लोणच्यातील हिंगही तपासावा, कारण बाजारातील बांधानी हिंगात सहसा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. एक अपवाद महत्त्वाचा आहे: स्वयंप्रतिकार विकारांसाठीच्या (ज्यांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते) पॅलिओ पद्धतीत सुरुवातीच्या टप्प्यात टोमॅटो-वांग्यांबरोबर मिरचीही पूर्णपणे बंद असते, काळी मिरीही त्या टप्प्यात टाळतात, आले व लसूण मात्र चालतात.