गुलाल धुतलास? मग ऐक

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवत नाहीत, हे आधी डोक्यात ठेव. तू कपबशीवर निवडून आलास. झेडपीच्या सदस्याला असतो तसा पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा बंधनकारक आदेश, तुला नाही. तरीही सभेच्या आदल्या रात्री "वरून" फोन येईल, हात कुठं वर करायचा ते सांगायला.

माझ्या पहिल्या टर्मची गोष्ट. वरच्या आळीची गटार आम्ही आमच्या पॅनलच्या शेवटच्या घरापाशी थांबवली. पुढची तीन घरं विरोधकांची ना! पावसाळ्यात पाणी तिथंच तुंबलं आणि उलटं फिरून आमच्याच कार्यकर्त्याच्या ओट्यावर चढलं. आठ दिवस त्याच्या दारात विटा मांडून चालत होतो आम्ही. विरोधकांची म्हातारी समोरून बघायची, बोलायची काहीच नाही.

पक्ष सोड म्हणत नाही मी. लोकसभेला बूथ सांभाळ, सतरंज्या उचल, मीही उचलल्यात. पण मासिक सभेत प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं लिहिलेलं इतिवृत्त, वाचल्याशिवाय सही करू नकोस, ठराव पटला नाही तर विरोध नावानिशी लिहून घे. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. त्यातून नेत्याच्या नावाची कमान उभी राहत नाही, कुणीही सांगितलं तरी.

आणि हो, स्वतःची घरपट्टी बघ. मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाहीस, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पॅनलवाले तेव्हा वाचवायला येत नाहीत.