कॉलेजवाले पोराचं इन्स्टा बघतात का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा बारावीला आहे, अमेरिकेत शिकायला जायचं म्हणतोय, फॉर्म भरणं चालू आहे. त्याचं नि मित्रांचं इन्स्टावर एक मीम पेज आहे, त्यात सरांची टिंगल, मधूनमधून शिव्यापण. माझा भाऊ म्हणतो तिकडचे ॲडमिशनवाले सगळं तपासतात, अकाउंटच उडवून टाक. मुलगा म्हणतो मार्क बघा ना, इन्स्टाशी काय घेणंदेणं? कोणाचं ऐकू?
— एक आई, नाशिक

उत्तर: मुलगा इथल्या हिशोबाने बोलतोय. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सीईटी, पर्सेंटाइल, कॅप राउंड, विषय संपला, पोरगा दिवसभर रील बघतो की हरिपाठ म्हणतो हे कोणी विचारत नाही. तिकडे बऱ्याच कॉलेजात मार्कांसोबत निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, शाळेबाहेरचे उद्योग असं सगळं वाचून पोरगं कसं आहे ते ठरवतात, मग एखाद्याने इन्स्टा उघडलं तर नवल नाही. सगळे उघडत नाहीत, अर्जांच्या ढिगात तेवढा वेळ कोणाला असतो.

पण उघडावं का? मला विचाराल तर नाही. आपल्याकडे पाटील-जाधवांत एकाच नावाची पन्नास पोरं सापडतील, भलत्याचंच प्रोफाइल बघून याचा अर्ज बाजूला ठेवला तर याला कळणार पण नाही का ठेवला ते. आणि ज्यांच्या घरी पैसा आहे ते कौन्सेलर लावून प्रोफाइल चकाचक करून घेणार, म्हणजे परत पैसेवाल्यांचंच फावतं. हां, कोणी तक्रार केली, पुरावा आणून दिला, तर गोष्ट वेगळी. 2017 साली हार्वर्डने निदान 10 जणांची मिळालेली ॲडमिशन परत घेतली, फेसबुकवरच्या एका प्रायव्हेट ग्रुपमध्ये ज्यूंचा संहार, लैंगिक अत्याचार, लहान मुलांचे मृत्यू यावर मीम टाकले म्हणून, पण आधी त्या मुलांकडून खुलासा मागवला होता. मला वाटतं एवढं तरी हवंच, पोराला बोलायची संधी. आणि प्रायव्हेट ग्रुपमधलं बाहेर येत नाही हा समज मात्र डोक्यातून काढून टाका.

आता भावाचा सल्ला, तो तर अजिबात ऐकू नका. कॉलेजने नाही बघितलं तरी व्हिसावाले बघणार आहेत, 2019 पासून व्हिसाच्या फॉर्मात गेल्या 5 वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची हँडल्स, म्हणजे अकाउंटची नावं, लिहावी लागतात, आणि जून 2025 पासून स्टुडंट व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलंय. म्हणजे आज अकाउंट उडवलं तरी 5 वर्षांत वापरलंय म्हटल्यावर नाव लिहायचंच, आणि लपवलं नि सापडलं तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो, पुढच्या वेळेलासुद्धा त्रास. चार शिव्यांपेक्षा ते केवढ्याला पडेल बघा.

तेव्हा आत्ताच दोघं बसून त्याच्या सगळ्या हँडल्सची यादी करा, नववीत काढून विसरलेली अकाउंटं पण धरा. कोणाची जात, धर्म, शरीर यावरून काही टाकलं असेल तर ते काढू दे, आणि ते का वाईट हे त्याच्याशी बोला, नुसतं ॲडमिशनसाठी म्हणून नको. बाकी फालतू जोक राहू देत, सतरा वर्षांचा आहे.

आणि हो, शिफारसपत्र कोणत्या सरांकडून घेणार आहे ते विचारा, मीममधले सर तेच असतील तर ते पहिलं काढायला लावा.