मंडई स्टेशनजवळच्या इमारतीला खरंच ४ एफएसआय मिळतो का?

मिळतो, पण तुम्हाला मिळेल असं वाटत नाही. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. इमारत पुण्याच्या शुक्रवार पेठेत, भुयारी मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, आणि बिल्डर छातीठोकपणे ४ सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. स्टेशनभोवतीच्या ५०० मीटरच्या टीओडी झोनमध्ये, म्हणजे मेट्रोच्या आधाराने दाट वस्ती वाढवायच्या पट्ट्यात, आलात म्हणून ४ हातात पडत नाही. ती कमाल मर्यादा. आकडा ठरतो समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर, शिवाय वाढीव एफएसआयला प्रीमियम भरावा लागतो. पेठेतली गल्ली टेप लावून मोजा, मग बिल्डरशी बोला.

खरी मेख पार्किंगची आहे. आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा थोरला चुलतभाऊ अडून बसला, ‘फ्लॅटमागे दोन गाड्या लागल्या पाहिजेत, नाहीतर सही नाही.’ मी म्हटलं, दादा, खाली मेट्रो येतेय, पलीकडे मंडई, गाडी काढून जाणार कुठे? तर म्हणे, पार्किंग नाही म्हटल्यावर आपल्या पोरांना मुली कोण देणार! सगळे हसले आणि हात त्याच्याच बाजूने वर केले. रस्त्याकडची शिलाईवाल्याची आणि भुसाराची दुकानं गेली, तिथे पझल पार्किंगचा, म्हणजे गाड्या एकावर एक खणांत सरकवून लावायचा, लोखंडी सांगाडा आला. वरच्या खणातली गाडी काढायची तर वॉचमन चावी शोधून खालची गाडी सरकवेपर्यंत माणूस मेट्रोने स्वारगेटला पोचतो. दादा स्वतः २०२४ पासून, म्हणजे भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून, पिंपरीला मेट्रोनेच जातो. सूनही जिल्हा न्यायालय स्टेशनला मेट्रो बदलून वनाजला नोकरीला जाते.

खाली दुकान, वर बिऱ्हाड, पायी बाजार, हेच टीओडी. १८८६ साली मंडईची इमारत उभी राहिली तेव्हापासून पेठेत हेच चाललंय. तळमजला गाड्यांना देऊन वर मजले चढवायचे याला मी टीओडी म्हणत नाही, बिल्डरची चंगळ म्हणतो.

तेव्हा आधी तळमजल्याचा नकाशा मागा. पार्किंग नियमाला लागेल तेवढंच, इंचभर जास्त नको.

हां, पागडीचे भाडेकरू असतील तर हिशोब वेगळा होतो, चांगला आर्किटेक्ट गाठा. बोगद्याजवळ पाया खणायचा तर मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीची ना हरकत लागते, तीही आधीच विचारा. आणि घरात चालता न येणारं माणूस असेल तर एक गाडी ठेवा की, कोण नाही म्हणतंय? दुसरी कशाला, ते दादाला अजून सांगता आलेलं नाही.