टास्क मॅनेजर १० टक्के दाखवतोय, मग कॉम्प्युटर का अडकतोय?

प्रश्न : नमस्कार सर. माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं पॅटर्न शॉप आहे, ओतकामासाठी लागणारे नमुने करतो. फाउंड्रीवाल्यांची ड्रॉइंग येतात, त्याचं सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करायचं, श्रिंकेज टाकायचं, ड्राफ्ट द्यायचा आणि मग टूलपाथ, म्हणजे कटर कुठून कसा फिरणार ते, काढून व्हीएमसी मशिनला पाठवायचा, हे सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. २०१९ ला घेतलाय, रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि एसएसडी. अलीकडं पंपाच्या केसिंगसारखा जॉब आला की एक डायमेन्शन बदललं तरी अर्धा-पाऊण मिनिट नुसतं गोल फिरत बसतंय. आणि टास्क मॅनेजर बघितला तर सीपीयू १० टक्के! टूलपाथला मात्र १०० टक्के जातो, वीसेक मिनिटं लागतात, पण तेवढ्यात चहा होतो. दुकानदार म्हणतोय हे जुनं झालं, सगळंच नवीन घ्या, एएमडीचं एएम५ सॉकेटवालं. मित्र म्हणतोय थांब जरा, पुढची पिढी येतीय. बजेट ४० हजार, पण सगळं घालवायचं मनात नाही. काय करू?
– एक पॅटर्नमेकर, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : दादा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या १० टक्क्यांतच आहे. २६०० मध्ये ६ कोर, म्हणजे काम करणारे सहा भाग, आणि १२ थ्रेड, म्हणजे एकावेळी बारा कामं धरायची सोय आहे. टास्क मॅनेजर त्या बाराही थ्रेडची सरासरी दाखवतो. म्हणजे एकच थ्रेड जीव तोडून पळत असला आणि बाकीचे अकरा हातावर हात ठेवून बसले असले तर १०० भागिले १२, आठ-साडेआठ टक्के, वर विंडोजची बारीकसारीक कामं, झाले १०. सॉलिडवर्क्सचं रिबिल्ड, म्हणजे बदल केल्यावर मॉडेल परत बांधणं, बहुतेक असंच चालतं कारण एक फीचर झालं की त्याच्यावर पुढचं फीचर, मागचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच करता येत नाही. म्हणून तुम्हाला कोर वाढवून उपयोग नाही, एकेक कोर चपळ पाहिजे. परफॉर्मन्स टॅबमधल्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा, बारा चौकोन दिसतील, मग रिबिल्ड करा आणि बघा. कधीकधी तेच काम एका चौकोनातून दुसऱ्यात उड्या मारतं, त्यानं गोंधळू नका.

पण पैसे काढायच्या आधी तीन गोष्टी बघाच, तिन्ही फुकट आहेत.

पहिली म्हणजे कॅबिनेट उघडा. उद्यमनगरातलाच एक कॉम्प्युटर मी मागं उघडला होता, शेजारीच मोल्डिंगचं काम चालायचं. कूलरच्या पात्यांमधे काळी बारीक धूळ अशी बसलेली की बोटानं ओढली तर नमद्यासारखी अख्खी पट्टी सुटून आली, आतलं अॅल्युमिनियम मग कुठं दिसलं. तो प्रोसेसर ९० डिग्रीच्या वर जाऊन स्वतःच स्वतःचा वेग कमी करत होता, आणि मालक नवीन घ्यायच्या गोष्टी करत होते. २६०० ची मर्यादा ९५ डिग्री आहे. टूलपाथ चालू असताना तापमान बघा, ऐंशीच्या पुढं असेल तर आधी ब्लोअर मारा आणि प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट बदला. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका.

दुसरी, रॅमचा स्पीड. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की दिसतो. रॅम ३२०० ची घेतली असेल आणि तिथं २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण स्पीड देणारं एक्सएमपी चालूच केलेलं नाही, सात वर्षं रॅम अर्ध्या मनानं काम करतीय. आणि ८-८ च्या दोन पट्ट्या आहेत की १६ ची एकच, तेही बघा. एकच असेल तर प्रोसेसरला रॅमकडं जायला एकच रस्ता मिळतो.

तिसरी तुमच्या कामातली आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. इव्हॅल्युएट टॅबमध्ये परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन आहे, तिथं कुठल्या फीचरला किती सेकंद लागले ते ओळीनं येतं. केसिंगसारख्या जॉबमध्ये बऱ्याचदा दोन-चार फिलेटच, म्हणजे गोल केलेले कोपरेच, सगळा वेळ खातात. फिलेट शेवटी घ्या, काम चालू असताना सप्रेस करून ठेवा, आणि जो भाग आता बदलणारच नाही तो फ्रीझ बार खाली ओढून गोठवून टाका. पाऊण मिनिटाचं पंधरा सेकंदावर आलं तर तुम्हीच म्हणाल की प्रोसेसर राहू दे.

हे सगळं करूनही अडकतंय असं धरू. मग माझं मत स्पष्ट आहे, थांबू नका आणि सगळं नवीनही घेऊ नका. आहे त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसवा. २०२० च्या मे महिन्यात एएमडीनं आधी सांगितलं होतं की रायझन ५००० मालिका बी४५० वर चालणार नाही, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच महिन्यात त्यांना ते मागं घ्यावं लागलं. त्या आरडाओरड्याचा फायदा आज तुम्हाला होतोय. २६०० ची झेप ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत, ५६०० ची ४.४, एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, १६ ची ३२ एमबी होते, आणि मधल्या दोन पिढ्यांमध्ये प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्याला होणारं काम कंपनीच्या आकड्यांनी आधी १५ आणि मग १९ टक्क्यांनी वाढलंय. सगळं गुणून एका कोरमागं साधारण दीडपट. ४५ सेकंदांचं रिबिल्ड ३० वर येईल असं धरा, चुटकीसरशी होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन्ही ६५ वॉटचे आहेत म्हणून एसएमपीएस तोच चालेल, आणि ५६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतो.

५७००एक्सचा मोह होईल, ८ कोर आहेत, टूलपाथ लवकर निघेल हे खरं. पण टूलपाथ तुम्ही चहाच्या वेळेत काढताय, आणि रिबिल्ड दिवसातून शंभरदा तुमचा हात अडवतंय. जिथं हात अडतोय तिथं पैसे घाला. ५६००जी मात्र दुकानदार देईल तरी नको, त्यात कॅश निम्मी, आणि त्याचं ग्राफिक्स तुम्हाला लागतच नाही.

एएम५ वाईट नाही, उलट नवीन कॉम्प्युटर घ्यायचाच असता तर मी तेच सांगितलं असतं. पण त्याला बोर्ड नवीन, रॅम डीडीआर५, म्हणजे तुमची आत्ताची रॅम बाजूला. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत, एआयच्या सर्व्हरांकडं सगळा माल चाललाय, मायक्रॉननं तर डिसेंबरात क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी चालू रॅम काढून ठेवून नवीन विकत घेणं मला पटत नाही. पुढच्या पिढीची वाट बघायची तर तीही रॅम मागणारच की.

बसवताना घाई नको. आधी बोर्डच्या नावानं कंपनीच्या साइटवर ५६०० साठी कुठलं बायोस लागतं ते बघा आणि जुना प्रोसेसर असतानाच ते टाका, यूपीएसवर, कारण मधेच लाईट गेली तर बोर्ड बसलाच म्हणून समजा. विंडोजमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, प्रोसेसर बदलला की ती मागू शकतो. मग कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, आणि कूलरचे चार स्क्रू सोडल्यावर तो सरळ वर उपटू नका. जुनी पेस्ट डिंकासारखी धरते, आणि तुमच्या बोर्डच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून ओढला जातो. माझ्या हातून एकदा तसं झालंय, दोन पिना वाकल्या, सुईनं सरळ करताना घाम फुटला होता. गरम असतानाच कूलर डावीकडं-उजवीकडं हलकासा फिरवा, सैल झाला की उचला. शेवटी एक्सएमपी परत चालू करायला विसरू नका, बायोस अपडेटनंतर ते बंद झालेलं असतं.

उरलेले पैसे तसेच ठेवा. पंपाच्या केसिंगचं मॉडेल उघडलेलं असताना रॅम १४-१५ जीबीवर जात असेल तरच आणखी रॅम घ्या, नाहीतर आत्ता नको.

प्रश्न : मी घरी ट्यूशन घेते, प्रश्नपत्रिका आणि ऑनलाइन तास एवढंच काम. आय५ ७४००, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. विंडोज ११ पण घेत नाही. नवव्या पिढीचा आय५ ९४००एफ सेकंडहँड मिळतोय, सॉकेट तेच ११५१ आहे, टाकू का?
– एक शिक्षिका, कसबा बावडा

उत्तर : ताई, नका टाकू. सॉकेटचं नाव एकच असलं तरी आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो, एच११० वर तो सुरूच होणार नाही. विकणाऱ्याला बहुतेक तेही माहीत नसेल. वर ९४००एफ ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे बोर्ड बदलला तरी ग्राफिक्स कार्ड आणायला लागेल.

तुमचा प्रोसेसर अडकत नाहीये, हार्ड डिस्क अडकतीय. सुरू होताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसेल बघा. एक साटा एसएसडी टाका, ५०० जीबीची पुष्कळ झाली, आणि पुढं नवीन कॉम्प्युटर घ्याल तेव्हा तीच काढून त्यात लावता येते, पैसे वाया जात नाहीत.

विंडोज ११ तुमच्या सातव्या पिढीच्या ७४०० ला नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. पण घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटमध्ये नोंदणीचा पर्याय आहे, तेवढं आजच करा. मुलांचे नंबर आणि फीचा हिशेब त्यातच असणार. प्रोसेसरसाठी ठेवलेले पैसे मात्र बाजूलाच राहू देत, या बोर्डवर आणखी एक रुपया नको. आणि जुगाड करून विंडोज ११ घालून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, अपडेट येतीलच याची खात्री त्यात नाही.