पेटीत चिमणी आली असेल तर कॅमेरा आत्ता नको

तुमचा प्रश्न असा की बाल्कनीत टांगलेल्या घरट्याच्या पेटीत चिमणी आठवडाभर गवत नेतेय, पेटीच्या आतलं बघायचा कॅमेरा घरी येऊन पडलाय, तर ती बाहेर गेल्यावर पाच मिनिटांत बसवून टाकू का? नका बसवू. घरटं बांधताना आणि पहिली अंडी घालताना ती सगळ्यात जास्त बिचकते; पेटी उघडलेली दिसली तर जागाच सोडून देऊ शकते. अंडी असतील तर विषयच मिटला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी नि घरटी विस्कटणं धरलंय.

पिल्लं उडेपर्यंत थांबतो म्हणाल, तर अंडी उबायला ११ ते १४ दिवस आणि पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे. पण चिमणी त्याच घरट्यात लगेच पुढची अंडी घालते, त्यामुळे मधे सवड सापडेलच असं नाही. त्यापेक्षा दुसरी पेटी कॅमेऱ्यासकट तयार करा आणि दुसऱ्या खिडकीशी लावा. चिमण्या शेजारशेजारी घरटी करतात, नवं बिऱ्हाड येण्याची शक्यता चांगली. (दरवर्षी २० मार्चला, चिमणी दिनाला, पेट्या वाटल्या जातात आणि एप्रिलात हाच प्रश्न येतो. कॅमेऱ्याची पेटी खरं तर डिसेंबर-जानेवारीतच टांगून ठेवावी.)

पेटी नेहमीपेक्षा आठ-दहा सेंटिमीटर उंच करा. चिमणी गवत, दोरे, पिसं, कापूस असं काहीही कोंबत छतापर्यंत भरते. माझ्या पहिल्या पेटीत चौथ्या दिवसापासून पडद्यावर नुसत्या काड्या दिसत होत्या. आत खोटं छत टाका, त्याला भिंगापुरतं भोक पाडा आणि कॅमेरा वरच्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्याला हवेची भोकं हवीतच, कारण कॅमेरा चोवीस तास तापतो आणि आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. दाराचं भोक ३२ मिलिमीटर, तोंड पूर्वेकडे किंवा ईशान्येला, म्हणजे दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही चुकतात. आतून रंग किंवा वॉर्निश नको.

बहुतेक कॅमेऱ्यांचं भिंग लांबचं बघायला लावलेलं असतं, वीतभर अंतरावर सगळं धूसर दिसतं. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्राचा कपटा ठेवा आणि अक्षरं वाचता येईपर्यंत भिंग हलक्या हाताने फिरवा. रात्रीसाठी ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे असलेला कॅमेरा घ्या. ८५० वाल्यांचा लालसर ठिपका अंधारात दिसतो. संध्याकाळी कॅमेरा दिवसाच्या मोडमधून रात्रीच्या मोडमध्ये जाताना आत 'टिक्' वाजतं, ते टाळायला सेटिंगमध्ये कायमचा रात्रीचा मोड ठेवा. चित्र काळंपांढरं दिसेल, दिसू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: स्पीकर. पहिल्या वर्षी मी साधा वाय-फायचा कॅमेरा लावला होता. चार अंडी, मादी बसलेली. रात्री नऊच्या सुमारास लाईट गेली, वीस मिनिटांनी आली आणि पेटीतून एक बाई खणखणीत आवाजात इंग्रजीत बोलली की कॅमेरा सुरू होतोय, कृपया थांबा. मादी अंधारात बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडद्यावर चार अंडीच दिसत होती. ती परत आली नाही. तेव्हापासून कॅमेरा आणला की आधी उघडून स्पीकरची तार कापतो आणि पुढच्या बारक्या दिव्यावर काळी टेप लावतो. वॉरंटी जाते, जाऊ दे.

वाय-फायपेक्षा पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेरा बरा, एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही येतं आणि बंद-चालू सगळं घरातून करता येतं. केबलला पेटीखाली झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं. मुंग्यांसाठी केबलवर ग्रीसचा पट्टा चालतो, पण पेटीपासून चांगला दोन हात लांब. पिसांना ग्रीस लागलं तर निघत नाही.

टांगण्याआधी पेटी घरात आठवडाभर चालू ठेवून बघा. त्यात दोन-तीनदा मुद्दाम मेन स्विच पाडा आणि कान लावून ऐका. एकदा पक्षी आला की कॅमेरा बिघडला तरी पेटीला हात लावायचा नाही.

तुमच्या पेटीची मापं आणि बाल्कनीची दिशा कळवा, वरचा कप्पा किती ठेवायचा ते सांगतो.